ऐकू न येणारा स्वर : उइगुर भाषेतल्या स्वरसंवादाविषयी



आजचं व्याख्यान उइगुर भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवर आहे. आमचं क्षेत्र तत्त्वज्ञानाचं. तरीही भाषाशास्त्रज्ञांच्या अंगणात आम्ही शिरतो आहोत, कारण या भाषेच्या एका छोट्याशा नियमामागे आपल्या दर्शनांतला एक जुना प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. शब्द नक्की कुठे असतो? कानावर पडणाऱ्या ध्वनीत, की ऐकणाऱ्या-बोलणाऱ्याच्या स्मृतीत? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणी ताटकळायला नको. उइगुर भाषेतला जो नियम ‘स्वरसंवाद’ या नावाने शिकवला जातो, तो निम्म्याहून महत्त्वाच्या जागी स्वरांचा संवाद नाहीच. तो शब्दांच्या आठवणीचा नियम आहे. आणि हे न ओळखल्यामुळे या भाषेचं वर्णनही चुकतं आणि तिच्यावरचं संकटही आपल्याला पुरतं कळत नाही.

आधी भाषेची ओळख. उइगुर ही तुर्की कुळातली भाषा, उझबेकची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. बोलणारे एक कोटीच्या वर, मुख्यतः चीनच्या शिनजियांग प्रदेशात : काशगर, यारकंद, खोतान, तुर्फान, गुलजा. शिवाय कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कस्तानातही वस्ती आहे. आपल्याला हा मुलुख फार परका वाटायचं कारण नाही. लेहहून यारकंदला जाणारी व्यापारी वाट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. या भाषेच्या उच्चारशास्त्रावर 1933 साली ज्याने पहिला मोठा प्रबंध लिहिला, तो स्वीडिश अभ्यासक गुन्नार यारिंग 1935 साली श्रीनगरात बसून तिकडून आलेल्या लोकांकडून कथा-संवाद उतरवून घेत होता. पुढे तो मुत्सद्दी म्हणून दिल्लीतही राहिला, आणि 1967 नंतर संयुक्त राष्ट्रांचा पश्चिम आशियातला दूत म्हणून जगाला माहीत झाला.

आणि शब्दांचं म्हणाल तर घरचेच वाटतील. किताब, दप्तर, कलम, बाजार, मकतब. फारसी-अरबीतून हे आपल्याकडे आले, तसे तिकडेही गेले. आपल्याकडे ‘किताब’ पदवीच्या अर्थाने स्थिरावला आणि ‘दप्तर’ पोरांच्या पाठीवर गेलं, एवढाच फरक.

आता स्वर बघू. उइगुरमध्ये आठ स्वर मानतात. आ, ओ, उ हे मागचे, म्हणजे जीभ मागे ओढून उच्चारायचे. त्यांच्या जोडीचे तीन पुढचे. त्यांपैकी पहिला आपल्या ‘बॅट’मधल्या ॲ सारखा, इंग्रजी शब्दांसाठी घेतलेलं हे चिन्ह इथे उपयोगी पडलं. उरलेले दोन मराठीत नाहीत : ओठ ओच्या आकारात ठेवून ए म्हणायचा, आणि ओठ उच्या आकारात ठेवून ई म्हणायची. सातवा आणि आठवा स्वर म्हणजे इ आणि ए. हे दोघं कोणत्याच पक्षात नाहीत. त्यांना ‘तटस्थ’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपला सगळा तंटा या तटस्थांशीच आहे.

नियम असा. शब्दात पुढचे स्वर असतील तर प्रत्ययही पुढच्या स्वराचा, मागचे असतील तर मागच्या स्वराचा. अनेकवचनाचा प्रत्यय ‘लार’ किंवा ‘लॅर’. किताबचं किताबलार, बाज़ारचं बाज़ारलार. पण दॅप्तॅरचं दॅप्तॅरलॅर आणि क़ॅलॅमचं क़ॅलॅमलॅर. मिश्र शब्द असेल तर शेवटच्या स्वराचं चालतं : आदॅम म्हणजे माणूस, माणसं म्हणजे आदॅमलॅर. चतुर्थीच्या प्रत्ययाची तर चार रूपं आहेत : ग़ा, क़ा, गॅ, कॅ. नुक्ता असलेले दोन घशातून, ‘ग़ज़ल’मधल्या ग़ सारखे, मागच्या स्वरांबरोबर जाणारे. बाज़ारग़ा, किताबक़ा, मॅकतॅपकॅ, क़ॅलॅमगॅ. बाजाराला, किताबाला, शाळेला, कलमाला. म्हणजे प्रत्यय निवडताना स्वरही बघायचा आणि शेवटचं व्यंजन घोष आहे की अघोष तेही बघायचं.

इथवर सगळं छान आहे. पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात, आणि मग ‘संवाद’ हा शब्द वापरतात. आमचा पहिला आक्षेप या शब्दावर आहे. आपल्या कानांना संवाद म्हटलं की वादी-संवादी आठवतात. षड्ज-पंचम जुळतात, कारण दोन्ही ऐकू येतात. एक जरी गळला तरी संवाद संपला. पण उइगुरमध्ये बहुतेक वेळा जुळण्यासारखं दुसरं काही ऐकूच येत नाही. आणि रोजच्या अर्थाने संवाद म्हणाल तर तोही नाही, कारण बोलणारा एकच. मूळ शब्द सांगतो, प्रत्यय ऐकतो. उलट उत्तर नाही. कचेरीतल्या वरिष्ठ-कनिष्ठांच्या बोलण्याला आपण जितपत संवाद म्हणू, तितपतच हा संवाद.

आता तटस्थांकडे येऊ. ज्या शब्दात नुसती इ असेल, त्याने काय करायचं? उदाहरणं घेऊ. ‘तिल’ म्हणजे जीभ, भाषा. ‘इश’ म्हणजे काम. ‘बिज़’ म्हणजे आपण, आम्ही. तिन्हींत स्वर एकच, इ. पण भाषेला म्हणायचं तर तिलग़ा, कामाला म्हणायचं तर इशक़ा, आणि आम्हाला म्हणायचं तर बिज़गॅ. पहिले दोन मागच्या पक्षात, तिसरा पुढच्या. तिल आणि बिज़ यांच्या ध्वनीत असं काय आहे, ज्यावरून हा भेद कळावा? काहीच नाही. क़, ग़ सारखं घशातलं व्यंजन असेल तर थोडा आधार मिळतो : क़िज़ म्हणजे मुलगी, तिचं क़िज़लार. साधा क असेल तर उलट बाजूने : किशी म्हणजे माणूस, किशिलॅर. पण ज्यांना असं व्यंजनही नाही, त्यांतले बरेच मागच्या पक्षात जातात आणि काही थोडे पुढच्या.

पुस्तकं याला ‘अपवाद’ म्हणतात आणि पुढे सरकतात. ऐतिहासिक खुलासाही देतात : जुन्या तुर्कीत इ दोन प्रकारची होती, पुढची आणि मागची. आधुनिक तुर्कीत ती अजून वेगळी आहे, उइगुरमध्ये दोन्ही मिसळल्या. खुलासा खरा आहे, पण अपुरा. तुर्कीत कामं म्हणजे ‘इशलेर’ आणि भाषा म्हणजे ‘दिल्लेर’, दोन्ही पुढच्या पक्षात. उइगुरमध्ये तेच शब्द मागच्या पक्षात आले आहेत, इशलार आणि तिल्लार. म्हणजे ही नुसती जुनी सांगाडेवजा उरलेली खूण नाही. मधल्या काळात बोलणाऱ्यांनी वाटणी पुन्हा केली आहे.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘हात’ आणि ‘जात’ हे दोन शब्द घ्या. ध्वनी जवळपास सारखेच. तरी आपण म्हणतो हाताला, पण जातीला. पाट आणि वाट : पाटाला, पण वाटेला. हा भेद शब्दाच्या ध्वनीत कुठेही नाही. तो लिंगाचा आहे, आणि लिंग शब्दात ऐकू येत नाही. आजीने ‘ती वाट’ म्हटलेलं हजारदा कानावर पडलं, म्हणून ते आपल्याला माहीत आहे. तिल आणि बिज़ यांचा भेद नेमका या जातीचा आहे. वर्णन करणाऱ्याने इथे संगीताची उपमा सोडून लिंगाची घेतली असती, तर ‘अपवाद’ हा शब्द वापरायची पाळीच आली नसती. वाटेला हा पाटालाचा अपवाद आहे, असं आपण म्हणतो का?

यापुढची पायरी जास्त गमतीची आहे. आपल्याकडे माणूसचं माणसाला होतं, कापूसचं कापसाला होतं. प्रत्यय लागला की मधला ऊ गळतो. उइगुरमध्ये आ आणि ॲ गळत नाहीत, पण झिजतात. शब्दाच्या शेवटचा आ किंवा ॲ, पुढे प्रत्यय आल्यामुळे मध्ये सापडला, की त्याची इ होते. बाला म्हणजे मूल, मुलं म्हणजे बालिलार. शिवाय एकाक्षरी शब्दातल्या आ पुढे इ आली तर आचा ए होतो : आत म्हणजे घोडा, त्याचा घोडा म्हणजे एती. बाश म्हणजे डोकं, त्याचं डोकं बेशी. यारिंगसारख्या जुन्या अभ्यासकांचं लक्ष या बदलाने वेधून घेतलं होतं, कारण नात्यातल्या बहुतेक तुर्की भाषांत हे होत नाही.

परिणाम काय झाला बघा. आ आणि ॲ हे तर नियमाचे मुख्य साक्षीदार. तेच झिजून तटस्थ होतात. साक्षीदारच फिरला! मग निकाल कशावर द्यायचा? ‘त्याच्या डोक्याला’ म्हणायचं आहे. बेशी या रूपात ए आणि इ, दोन्ही तटस्थ. तरी उइगुर माणूस बेशिग़ा म्हणतो, मागच्या पक्षाचा प्रत्यय लावून. कारण बाशमधला आ त्याला माहीत आहे. तो या उच्चारात कुठेही नाही, तरी माहीत आहे.

आणखी एक जोडी. बाला म्हणजे मूल, आइलॅ म्हणजे कुटुंब. हा दुसरा अरबीतून आलेला. आता दोन्हींचं अनेकवचन करू, त्याला ‘त्यांचे’ जोडू, आणि वर चतुर्थी लावू. प्रत्येक पायरीला मधला स्वर झिजून इ होणार, अगदी लार-लॅरमधलासुद्धा. ‘त्यांच्या मुलांना’ म्हणजे बालिलिरिग़ा. ‘त्यांच्या कुटुंबांना’ म्हणजे आइलिलिरिगॅ. मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे सुरुवातीला आ, नंतर शेवटच्या प्रत्ययापर्यंत इ, इ, इ. आणि शेवटी एकीकडे ग़ा, दुसरीकडे गॅ. ज्या ॲमुळे हा गॅ आला, तो त्या सबंध शब्दात उच्चारलाच गेलेला नाही. उलट जो आ स्पष्ट ऐकू येतो आहे, त्याला कोणी विचारतही नाही.

आपल्या परंपरेला याच्या जवळचं एक उदाहरण ठाऊक आहे. संस्कृतात देवेन, पण रामेण. रामातला र मधल्या स्वरांना आणि म ला ओलांडून शेवटच्या न चा ण करतो. रथेन म्हणताना मात्र थ आडवा येतो आणि न तसाच राहतो. दुरून परिणाम होतो ही कल्पना आपल्याला नवी नाही. पण रामेणमधला र ऐकू येतो. आइलिलिरिगॅमधला ॲ ऐकू येत नाही. फरक इथे आहे, आणि दार्शनिकदृष्ट्या तो मोठा आहे.

शबरस्वामींचं मत आठवा. वर्ण एकामागून एक उच्चारले जातात आणि नष्ट होतात, मग अर्थ कोण सांगतो? त्यांचं उत्तर असं की आधीच्या वर्णांचे संस्कार उरतात, आणि त्या संस्कारांसह शेवटचा वर्ण अर्थबोध करून देतो. अत्यंत शहाणपणाचं उत्तर आहे. रामेणला ते पुरतं. आइलिलिरिगॅला पुरत नाही. कारण संस्कार मागे राहायला वर्ण आधी उच्चारला जायला हवा, आणि इथे तो उच्चारलेलाच नाही. मग हा संस्कार आला कुठून? उत्तर एकच : हा संस्कार या उच्चारणाचा नाही. काल, परवा, दहा वर्षांपूर्वी ‘आइलॅ’ हे रूप कोणाच्या तरी तोंडून ऐकलं, त्याचा तो संस्कार आहे.

पाणिनीय पंडित म्हणेल, यात काय कठीण आहे? स्वर झिजण्याचं कार्य प्रत्यय निवडणाऱ्या नियमाच्या दृष्टीने असिद्ध माना, म्हणजे झालंच नाही असं समजा. आधुनिक ध्वनिशास्त्रज्ञांचं बरंचसं उत्तर हेच आहे : आधी प्रत्यय निवडा, नंतर स्वर झिजवा. युक्ती सुंदर आहे. पण आमचा दुसरा आक्षेप असा की क्रम लावल्याने आइलॅ सुटतो, तिल सुटत नाही. तिलमध्ये आधी असा कोणता स्वर होता, जो नंतर झिजला? आजच्या भाषेत कोणताही नाही. आणि अलीकडे मोठ्या लेखनसंग्रहांवरून झालेल्या अभ्यासांत असंही दिसलं आहे की आइलॅसारख्या शब्दांतली ही आठवण सगळीकडे सारखी पक्की नाही. शब्दाशब्दागणिक ती कमीजास्त आहे, आणि शब्द किती वापरात आहे याच्याशी तिचा संबंध आहे. क्रमाचा नियम असता तर तो सगळ्यांना सारखाच लागायला हवा होता. नियमाला कमीजास्त माहीत नसतं. सवयीला असतं.

मग भर्तृहरीकडे जायचं का? शब्द हा अखंड स्फोट, ध्वनी केवळ त्याची अभिव्यक्ती? मोह होतो खरा. पण आम्ही तिथपर्यंत जाणार नाही. अखंड, नित्य अशा शब्दाची आठवण वापराप्रमाणे बळकट आणि कमकुवत कशी होईल? उइगुर भाषा जे दाखवते ते या दोहोंच्या मधलं आहे. शब्द या क्षणीच्या ध्वनीत मावत नाही, आणि ध्वनीपलीकडच्या कुठल्या नित्य जागीही राहत नाही. तो माणसांच्या आपसांतल्या ऐकण्या-बोलण्यात राहतो. ते चालू असेपर्यंतच.

आता तिसरा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर आक्षेप. उइगुरचा स्वरसंवाद ‘मोडकळीला आलेला’, ‘अशुद्ध झालेला’ आहे असा सूर तुलनात्मक लेखनात लागतो. मापाला तुर्की ठेवायची आणि उइगुर किती उणी ते मोजायचं. एक तर तुर्कीही इतकी सोवळी नाही. ‘सआत’चं अनेकवचन तिथे ‘सआतलेर’ होतं, नियमाप्रमाणे ‘लार’ व्हायला हवं. पण मुद्दा तो नाही. सर्वत्र ऐकू येणारा नियम म्हणजे धडधाकट, आणि बोलणाऱ्याच्या स्मृतीवर टेकलेला नियम म्हणजे आजारी, हे कोणी ठरवलं? उलट, बेशिग़ा अचूक म्हणणाऱ्या पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यात अधिक काम चाललेलं आहे. ज्याला ऱ्हास म्हटलं जातं, ते ओझं ध्वनीवरून माणसाकडे सरकणं आहे.

लिपीची कथाही या अंगाने बघण्यासारखी आहे. अकराव्या शतकात महमूद काशगरीने बगदादमध्ये बसून तुर्की भाषांचा मोठा कोश अरबीत लिहिला. अरबी लिपीत हे स्वर पुरते दाखवता येत नाहीत. पण क़ आणि क यांना वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे धातूला ‘माक़’ लागतो की ‘मॅक’, यावरून शब्दाचा पक्ष कळायचा. विसाव्या शतकात शिनजियांगमध्ये काही वर्षं रोमन लिपी आली, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सुधारित अरबी लिपी परत आली. तिच्यात आठही स्वरांना स्वतंत्र चिन्हं आहेत. कझाकस्तानात सिरिलिक चालते. या आजच्या लेखनात झिजलेला स्वर झिजलेलाच लिहितात : बालिलार, बेशी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना आ दिसत नाही. म्हणजे ही स्मृती लिपीनेही आपल्या अंगावर घेतलेली नाही. ती पुन्हा माणसावरच आहे.

म्हणून हा प्रश्न व्याकरणाच्या वर्गापुरता उरत नाही. 2002 पासून शिनजियांग विद्यापीठात बहुतेक विषय चिनी माध्यमातून शिकवले जाऊ लागले. त्यानंतर शाळांत आणि बालवाड्यांत ‘द्विभाषिक’ या नावाखाली चिनी पुढे सरकत गेली. काशगरमध्ये उइगुर माध्यमाची बालवाडी चालवणारे भाषातज्ज्ञ अब्दुवेली अयुप यांना 2013 साली अटक झाली, शिक्षा झाली. 2017 साली खोतान विभागात शाळांतून उइगुर भाषा आणि लिपी वापरण्यावर बंदी घालणारा आदेश निघाला, त्याच्या बातम्या जगभर आल्या.

यावर एक समाधानाचा युक्तिवाद ऐकू येतो. व्याकरणं छापलेली आहेत, कोश आहेत, ध्वनिमुद्रणं आहेत. भाषा कुठे जाते? आजच्या विवेचनाचा उपयोग इथे आहे. ज्या भाषेचा नियम ध्वनीत असेल, तो ध्वनिमुद्रणावरून बराचसा परत काढता येईल. पण तिल कोणत्या पक्षात आणि बिज़ कोणत्या, आइलॅचा ॲ झिजल्यावरही कसा धरून ठेवायचा, हे कोशात यादी करून मिळेल, अंगवळणी पडणार नाही. मूळ रूपं वारंवार कानावर पडायला हवीत, आणि ती लहान वयात, घरी आणि शाळेत. आपल्याकडे इंग्रजी माध्यमातलं मूल ‘वाटाला’ म्हणतं तेव्हा आपण हसतो. त्याला नियम माहीत नाही असं नाही. नियम लावूनच ते ‘वाटाला’ म्हणतं. त्याला कमी पडलं आहे ते ऐकणं. आपल्या घरात ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे, कारण शेजारच्या घरात कोणीतरी ‘वाटेला’ म्हणतंच आहे. जिथे शेजारचं घरही गप्प केलं जातं, तिथे काय होईल याचा विचार करा. सर्वांत आधी जातील त्या याच गोष्टी, ज्यांना पुस्तकं अपवाद म्हणून तळटीपेत टाकतात. किताबलार, दॅप्तॅरलॅर ही उघड रूपं कदाचित टिकतील. परका शिकाऊसुद्धा ती आठवड्यात शिकतो.

तेव्हा वर्णन करणाऱ्यांकडे आमची मागणी फार मोठी नाही. स्वरसंवाद हे नाव आता रूढ आहे, ते राहू द्या. पण उइगुरचा धडा किताबलारपाशी थांबवू नका. तिलग़ा आणि बिज़गॅ मुख्य मजकुरात आणा, तळटीपेत नको. ‘तटस्थ’ स्वर असलेला शब्द तटस्थ नसतो, त्याची बाजू ठरलेली असते आणि ती बोलणाऱ्याला ठाऊक असते, एवढं एक वाक्य तरी लिहा. आणि ‘मोडकळीला आलेला’ हा शेरा खोडा. वाकडं काही झालेलं असलंच, तर ते या भाषेच्या स्वरांत नाही.

इथे थांबतो आम्ही. काही शंका असतील तर जरूर विचारा. विशेषतः असिद्धत्वाच्या मुद्द्यावर व्याकरणवाल्यांचं म्हणणं ऐकायला आवडेल.